घर घेतलं, आता राहायला शिकतोय



आज घरावर बोलायचं आहे. घर घ्यावं कसं, हे सांगणारे पुष्कळ आहेत. जासईपासून उरणपर्यंत रस्त्याने या, जागोजागी इमारतींचे फलक दिसतील, खाली हिरवी बाग आणि बागेत हसणारी मुलं. पण चाव्या हातात आल्यावर त्या घरात माणसं रुळतात कशी, हे कुणी सांगत नाही. आमच्या गटांमधल्या दहाबारा जणी गेल्या तीनचार वर्षांत नव्या घरात गेल्या. कोणी उलव्याला, कोणी द्रोणागिरीत, कोणी उरण शहरातच. आम्हीही त्यातलेच. तेव्हा आज सांगणार ते थोडं आमच्या घरचं, थोडं गटातल्या बायकांचं. कुठे आमची चूक झाली तेही सांगू.

आमचं सासर केगावचं. पुढे ओटी, मागे विहीर आणि चार माड. तीन भावांचे संसार एका छपराखाली, आमच्या वाट्याला एक खोली आणि स्वयंपाकाला मागची पडवी. भांडण नव्हतं, पण जागाही नव्हती. मुलगी सहावीत गेली आणि अभ्यासाला कोपरा मागायला लागली. आम्ही तिला म्हणायचो, ओटीवर बस. ओटीवर टीव्ही, आल्यागेल्याचा चहा, गटाच्या बायकांची वर्दळ. तिनं एकदा वहीत निबंधाच्या जागी फक्त आवाजांची यादी लिहून आणली. बाई हसल्या, आम्हाला हसू आलं नाही.

घराचं बोलणं तीन वर्षं नुसतं बोलणंच होतं. मग १२ जानेवारी २०२४ ला उरणच्या लोकलचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी अटल सेतूचंही उद्घाटन झालं. आपल्यापैकी ज्यांनी मोऱ्याच्या धक्क्यावर लाँचची वाट पाहत दिवस काढलेत, किंवा बेलापूरला जायला दोन गाड्या बदलल्यात, त्यांना लोकलचं काय वाटलं ते सांगायला नको. पण गाडी आली तसे घरांचे भावही चढायला लागले. आमचे हे कंटेनर यार्डात कामाला, रोज दहा ठिकाणचे लोक भेटतात. एका संध्याकाळी येऊन म्हणाले, आता नाही घेतलं तर कधीच नाही. आणि त्या वर्षीच्या अक्षय्य तृतीयेला आम्ही द्रोणागिरीत चौथ्या मजल्यावर एक खोली, एक हॉल आणि स्वयंपाकघर असं घर घेतलं. किंमत ३२ लाख.

पैशाचं सांगतो, कारण गटात पहिला प्रश्न तोच असतो. बँकेचं कर्ज २२ लाख, २० वर्षांचं, पावणेनऊ टक्क्यांनी. महिन्याचा हप्ता साडेएकोणीस हजारांच्या आसपास. उरलेले १० लाख आमची मुदत ठेव, यांचा भविष्य निर्वाह निधी आणि सासूबाईंचं सोनं. बोरमाळ आणि दोन वाक्या. त्यांनी स्वतःहून काढून दिल्या. आम्ही मागितल्या नव्हत्या, पण नकोही म्हणालो नाही, हे खरं.

इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं होतं. मैत्रिणींनो, हा एक कागद आधी विचारा. तो असला की बांधकाम मंजुरीप्रमाणे झालं आणि राहायला योग्य आहे, असं नियोजन प्राधिकरणानं म्हटलेलं असतं. आणि हे प्रमाणपत्र मिळाल्यानंतर बिल्डरकडून घेतलेल्या घरावर जीएसटी लागत नाही, बांधकाम चालू असताना घेतलं तर लागतो. दुसरं, द्रोणागिरी, उलवे या भागात जमीन सिडकोची, भाडेपट्ट्यावर दिलेली. त्यामुळे तिथलं जुनं घर दुसऱ्याकडून विकत घेत असाल तर सिडकोची हस्तांतरणाची परवानगी आणि तिचं शुल्क हेही हिशेबात धरा. आमच्या गटातली एक ताई हे धरायला विसरली आणि ऐन वेळी भावाकडे हात पसरावा लागला.

आता नावाचं. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून राहतं घर फक्त बाईच्या नावावर, किंवा बायकांच्याच नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. सुरुवातीला अट होती की असं घर १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही. ती अट २०२३ मध्ये काढली. पण नवरा-बायको दोघांची नावं लावली तर सूट नाही. आमच्या घराला एक टक्का म्हणजे ३२ हजार. आमचे हे सरळ माणूस. म्हणाले, ३२ हजारांत दोन पंखे, फ्रिज आणि दाराचं ग्रिल होतं, तुझंच नाव लाव. कर्ज मात्र दोघांच्या नावावर. बँकेला ते चालतं, मालक नसलेला माणूसही कर्जात सामील होऊ शकतो. तर करारनाम्यावर नाव लागलं ते या घरच्या सुनेचं, म्हणजे आत्ता तुमच्याशी बोलतेय तिचं.

केगावात ही बातमी आमच्या आधी पोचली. मोठे दीर काही बोलले नाहीत. धाकट्यानं मात्र विचारलं, "वहिनी, मंग दादाचं काय?" हसत विचारलं, पण विचारलं. आम्ही त्याला एक टक्क्याचा हिशेब सांगितला. त्याचं समाधान झालं असं वाटलं. सासूबाई शेगडीजवळ बसून ऐकत होत्या. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, आमचंही नाही.

दूध उतू घालून, गणपतीची छोटी पूजा करून आम्ही राहायला गेलो. टेम्पोच्या दोन खेपा. पहिल्या आठवड्यात नव्या घरात सगळ्यांना सारखंच होतं, रात्री उठून दिव्याचं बटण शोधायचं आणि भिंत चाचपडायची. पाणी सकाळी किती वाजता येतं, कचऱ्याची गाडी कोणत्या वारी, दूधवाला चौथ्या मजल्यावर चढतो की नाही. दुकान लांब, म्हणून मीठ संपलं तरी लिफ्टनं खाली जाऊन दहा मिनिटं चालायचं. केगावला मीठ संपलं तर जाऊबाईंना हाक मारायची.

इथे आम्हाला गटातल्या एका मावशीची आठवण यायची. त्या हनुमान कोळीवाड्यातल्या. न्हावा-शेवा बंदरासाठी जुनं शेवा गाव उठवलं, ते तुमच्यातल्या पुष्कळ जणींना माहीत असेल. बंदर १९८९ साली सुरू झालं, गाव त्याआधी काही वर्षं हललं. शेतकरी कुटुंबं बोकडविऱ्याजवळ नवीन शेव्यात आली, कोळी कुटुंबं हनुमान कोळीवाड्यात. त्या वस्तीला वाळवी लागली. दारं, चौकटी, छपराची लाकडं, कपाटातले कपडेसुद्धा वाळवीनं खाल्ले, आणि पुन्हा दुसरीकडे जागा द्या म्हणून त्या लोकांना वर्षानुवर्षं अर्ज करावे लागले. मावशी लग्न होऊन त्याच वस्तीत आल्या. त्या म्हणतात, आम्हाला घर निवडायला मिळालं नाही, तुम्हाला मिळालंय तर जरा ठोकून बघा.

त्यांनी खरंच ठोकून बघितलं. आमच्याकडे आल्या तेव्हा चहा घ्यायच्या आधी दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. लाकूड पोकळ वाजलं तर आत वाळवी असू शकते. मग भिंतीच्या कडेनं मातीची बारीक नळी चढलेली दिसते का ते पाहिलं. लाकडी कपाट भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा, म्हणाल्या. जुन्या घरातलं लाकडी सामान नव्या घरात नेण्याआधी कडक उन्हात दोन दिवस ठेवा. आमचा जुना पाट आणि उखळीचं मुसळ त्यांनी परत केगावला पाठवायला लावलं. पाटाला खालून भोकं होती, आम्ही वीस वर्षं त्यावर बसत होतो आणि कधी उलटा करून बघितला नव्हता.

लोखंडाचंही सांगायला हवं. उरणची हवा खारी. खिडकीच्या ग्रिलला पहिल्याच वर्षी लाल गंज धरला. ग्रिल बसवण्याआधी रेड ऑक्साइडचा हात आणि मग रंग, आणि तोही भिंतीत जाणाऱ्या टोकांना सुद्धा, हे कारागिराला उभं राहून करून घ्या. आम्ही उभं राहिलो नाही. त्याने पुढून रंग दिला, मागून नाही. मागचं कुणाला दिसतंय, असं त्याला वाटलं असावं.

मग आला पहिला पावसाळा. कोकणातला पाऊस हीच घराची खरी परीक्षा, जाहिरातीत तो नसतो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मुलीच्या अभ्यासाच्या कोपऱ्यात भिंतीला ओल आली. आधी हाताला गार लागायची, मग रंगाला फुगे आले, मग पांढरी पूड. लोणा लागला म्हणतो आपण. ज्या कोपऱ्यासाठी घर घेतलं, तिथलीच वही ओली. आम्ही बिल्डरला फोन केला. माणूस पाठवतो म्हणाले. पुन्हा फोन केला. पावसात काम होत नाही म्हणाले. तिसऱ्या वेळी फोन उचलला नाही.

इथे आमची चूक झाली, ती तुम्ही करू नका. फोनवर बोलणं म्हणजे हवेत बोलणं. स्थावर संपदेचा जो कायदा आहे, ज्याला सगळे रेरा म्हणतात, त्यात स्पष्ट लिहिलंय की ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात किंवा कारागिरीत दोष निघाला आणि तो बिल्डरच्या लक्षात आणून दिला, तर ३० दिवसांच्या आत तो त्यानं फुकट दुरुस्त करून द्यायचा. नाही दिला तर भरपाई मागता येते. पण लक्षात आणून दिला हे दाखवायला कागद लागतो. तेव्हा तारीख घालून पत्र, ओलीचे फोटो, ताब्याच्या पत्राची प्रत, हे सगळं पोच घेऊन द्या किंवा नोंदणीकृत टपालाने पाठवा. ताबा कोणत्या तारखेला मिळाला ते पत्र तर देवघरात ठेवल्यासारखं जपा, पाच वर्षं तिथून मोजली जातात.

आम्ही पत्र लिहिलं. उत्तर नाही. मग त्याच बाजूच्या, वरखालच्या भिंतींच्या घरांत जाऊन विचारलं. अकरा घरांना ओल. आठ जणींना वाटत होतं की फक्त आपल्याकडेच आहे, आपणच कपडे आत वाळत घालतो म्हणून असेल. एकीच्या नवऱ्यानं तर तिलाच ऐकवलं होतं की तू फरशी फार पाण्यानं पुसतेस. दुसरं पत्र अकरा सह्यांचं गेलं. ऑक्टोबरात पालख बांधून बाहेरची भिंत दुरुस्त झाली. आमच्या कोपऱ्याची ओल गेली. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराचं पाणी आमच्या संडासाच्या छतावर उतरतं, ते अजून चालूच आहे. वरच्या घरमालकांचं म्हणणं, बिल्डरनं करावं. बिल्डरचं म्हणणं, त्यांनी फरशी बदलली तेव्हा बिघडलं. खाली बादली आमची.

हे झालं भिंतींचं. आता माणसांचं सांगतो.

सासूबाईंना आम्ही आमच्याबरोबर आणलं होतं. त्यांनीच म्हटलं होतं, मोठ्याकडे राहिले सोळा वर्षं, आता नातीजवळ राहते. पहिले पंधरा दिवस ठीक गेले. मग त्या दुपारी लिफ्टच्या दाराशी खुर्ची टाकून बसायला लागल्या. लिफ्ट उघडली की कोण आलं ते बघायचं. येणारा माणूस मोबाईलमध्ये बघत दार लावून घ्यायचा. तीन दिवसांनी खुर्ची आत आली. म्हणाल्या, "यो घर हाय का पेटारा? मना इथं करमत नाय."

त्यात जवळ्याचं झालं. मे महिन्यात त्यांनी करंज्याहून जवळा आणवला आणि गच्चीवर चादर टाकून वाळत घातला. आगरी-कोळ्यांच्या घरात पावसाळ्याची बेगमी म्हणजे जवळा, बोंबील, सोडे. त्याशिवाय आषाढ काढायचा कसा? संध्याकाळी इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो आला, खाली लिहिलेलं, ही काय मासळी बाजाराची जागा आहे का. त्याच्या खाली अंगठे. आम्ही मोजले, चौदा. ज्यांच्याबरोबर पुढे पत्रावर सह्या करायच्या होत्या, त्यातलेही काही अंगठे होते.

आम्हाला राग आला. सगळी जमीन इथल्या आगरी-कोळ्यांची, भातशेतीची आणि मिठागरांची. १९७० नंतर नव्या मुंबईसाठी ती गेली, १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले तेव्हा जासई, दास्तान फाट्याला गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड पदरात पडले. आणि त्याच जमिनीवरच्या गच्चीत आता जवळा वाळवायचा नाही? हे सगळं आम्ही टाइप केलं. मग पुसलं. कारण खरं सांगायचं तर ज्या बाईनं फोटो टाकला ती सातारा जिल्ह्यातून आलेली, तिनंही आयुष्याची कमाई घालून घर घेतलंय, आणि तिला तो वास खरंच सहन होत नाही. उलट्या होतात. तिनं आम्हाला दारात येऊन विचारलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच.

सासूबाईंनी काही न बोलता जवळा गोळा केला, चादरीत बांधला आणि दुसऱ्या दिवशी रिक्षानं केगावला गेल्या. चार दिवस आल्या नाहीत. आम्ही आणायला गेलो तेव्हा ओटीवर जवळा पसरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "तिथं मी पाव्हनी हाय. पाव्हनीनं किती दिस ऱ्हायाचं?"

आम्ही समजूत घालायला लागलो की आई, तुमचंच घर आहे. तेव्हा त्यांनी जे म्हटलं ते आम्ही वर्षभर विसरलो नाही. "कागदावर तुजा नाव. सोना माजा. चावी कुनाकं?"

चावी. आमच्या दाराला लॅच आहे. ओढलं की बंद होतं. त्याच्या तीन चाव्या आल्या होत्या. एक यांच्याकडे, एक आमच्याकडे, एक मुलीच्या दप्तरात. आई तर घरातच असतात, त्यांना कशाला? असं आम्ही म्हटलंही नव्हतं, मनातच धरलं होतं. त्या खाली भाजीच्या गाडीवर गेल्या आणि दार लागलं, असं दोनदा झालं होतं. एकदा त्या जिन्यात दीड तास बसून होत्या. आम्ही आलो तेव्हा त्यांनी फक्त भाजी हातात दिली.

त्याच संध्याकाळी उरणच्या बाजारात चौथी चावी करून घेतली. ८० रुपये लागले. त्यांनी ती काळ्या दोऱ्यात ओवून पदराला बांधली. आल्या परत.

पण सोन्याचं उरलंच होतं. गटात आम्ही हा विषय काढला, कुणाच्या घरचं ते न सांगता. बायका हुशार, त्यांना कळलंच. वकीलताईंना विचारलं तेव्हा जे कळलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिची मालमत्ता आधी नवरा आणि मुलांकडे जाते. ते असताना सासूला वाटा नाही. सोनं सासूनं दिलं असलं तरी नाही, कारण ते कुठे लिहिलेलंच नसतं. आणि सोसायटीत आपण जे नामनिर्देशन भरतो, ज्याचं नाव लिहिलं तो मालक होतो असं बहुतेक जणींना वाटतं. तसं नाही. तो नुसता सांभाळणारा, घर शेवटी वारसांकडे किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव आहे त्याच्याकडे जातं.

म्हणून आम्ही मृत्युपत्र केलं. तिशीत मृत्युपत्र म्हटल्यावर आमची आई रडली, अशुभ बोलू नका म्हणाली. त्यात अशुभ काही नाही, दोन पानं आहेत. साध्या कागदावर होतं, मुद्रांक लागत नाही. आपली सही आणि आपल्यासमोर सही करणारे दोन साक्षीदार लागतात, आणि ज्यांना काही मिळणार आहे ते साक्षीदार नसावेत. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी. आम्ही लिहिलं की घर मुलीला, आणि सासूबाईंना हयात असेपर्यंत त्या घरात राहण्याचा हक्क, त्यांना कोणी बाहेर काढायचं नाही. कर्जाचा विमाही त्याच महिन्यात उतरवला, नाहीतर लिहिलेलं घर बँकच घेऊन जायची.

मुलीनं ते आजीला वाचून दाखवलं. शुद्ध मराठीतलं सगळं त्यांना कळलं नसावं, पण मुद्दा बरोबर कळला. म्हणाल्या, "म्हंजे तू मेल्यावर मना कोन काढनार नाय. आनि तू जिती हाय तवर?"

आमचे हे जोरात हसले. आम्हालाही हसू आलं, पण उत्तर आलं नाही. त्याचा कागद वकीलताईंकडेही सरळ मिळाला नाही. सोन्याबद्दल आम्ही एवढंच ठरवलं की दर दिवाळीला थोडं थोडं करून बोरमाळ परत करायची. गेल्या दिवाळीला सोन्याचा भाव बघून आम्ही सराफाच्या दुकानातून चार मणी घेऊन बाहेर आलो. चार मणी. त्यांनी ते डबीत ठेवलेत.

आता थोडं हप्त्याचं, कारण नव्या घरात झोप त्याच्यामुळे उडते. पहिल्या वर्षी आम्ही हप्ता पाचव्या तारखेला ठेवला होता, यांचा पगार सातला. दोन दिवसांसाठी दोनदा दंड बसला. बँकेत अर्ज देऊन तारीख पुढे करून घेतली. आणि एक लक्षात ठेवा. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो दर साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आणला. ज्यांचं कर्ज बदलत्या व्याजदराचं आहे त्यांनी बँकेत जाऊन विचारा, आमचा दर किती झाला? उतरला असेल तर हप्ता कमी केलाय की वर्षं कमी केलीत? बहुतेक बँका हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. ते आपल्या फायद्याचंच, पण ज्या घरात महिना ओढाताणीचा आहे तिथे हप्ता कमी करून मागता येतो. आम्ही हप्ता तोच ठेवला. आमच्या गटातल्या एका ताईनं कमी करून घेतला, कारण तिच्या नवऱ्याचं काम सुटलंय. दोघींचं बरोबर.

पत्ता बदलायचं काम मात्र लवकर उरका. वीजमीटर नावावर, घरपट्टी नावावर, आधार, शिधापत्रिका, बँक, मुलीची शाळा. आम्ही शिधापत्रिका राहू दिली, आणि मग सहा महिने तांदूळ आणायला केगाव. सासूबाईंना ते आवडलं, तो भाग वेगळा.

आणि सोसायटी. अर्ध्याहून जास्त घरं विकली गेली की तीन महिन्यांत बिल्डरनं सोसायटी करून द्यायची असते. आमची व्हायला दीड वर्ष लागलं. पहिली सभा गेल्या महिन्यात तळमजल्यावर गाड्या लावतात तिथे झाली. सहकारी संस्थेच्या समितीत दोन जागा बायकांसाठी राखीव असतात. सभेत कुणीतरी म्हणालं, त्या जागा मिसेसची नावं टाकून भरून टाकू. तेव्हा सातारकडच्या त्या ताई उठल्या आणि म्हणाल्या, नावं टाकू नका, आम्ही येणार आहोत. त्या एक, आणि दुसरी जागा आम्ही घेतली. समितीच्या पहिल्या बैठकीत त्यांनी गच्चीचा विषय ठेवला. वाळवण कोणत्या कोपऱ्यात, कोणत्या महिन्यात. पापड, कुरडया चालतील असं लगेच ठरलं. सुक्या मासळीवर मतं पडली, चार बाजूनं, सहा विरुद्ध. त्यांचं मत विरुद्ध होतं. सभा संपल्यावर त्यांनीच आम्हाला विचारलं, आई रागावल्या नाहीत ना?

आई रागावल्या नाहीत. त्यांचं आता ठरून गेलंय. सकाळी नातीला शाळेत सोडलं की त्या रिक्षानं केगावला जातात, विहिरीचं पाणी झाडांना घालतात, मोठ्या जाऊबाईंशी दोन शब्द भांडतात, आणि चारच्या आत परत येतात. रिक्षाचे रोज येऊन-जाऊन जे पैसे लागतात ते आम्ही घरखर्चाच्या वहीत वेगळ्या ओळीवर लिहितो, गटाच्या वहीत लिहितो तसे. आधी आम्हाला ते वाया वाटायचे. आता त्या ओळीवर कोणी बोलत नाही. संध्याकाळी लॅचमध्ये चावी फिरल्याचा आवाज येतो आणि मुलगी आतून ओरडते, आजी आली.

आता श्रावण लागतोय, मग गणपती. गणपती केगावलाच, मोठ्या भावाकडे, त्यात वाद नाही. गौरीचा प्रश्न आहे. मोठ्या जाऊबाईंचे गुडघे दुखतात, त्या म्हणतात यंदा तुमच्याकडे बसवा. सासूबाई म्हणतात, चौथ्या मजल्यावर गौर लिफ्टनं आणायची का जिन्यानं? आणि तिखटाचा नैवेद्य केला तर वास जिन्यात जाणार, त्याचं काय? आमचे हे म्हणतात समितीत विचार. आम्ही म्हणालो, देवीच्या नैवेद्यावर मतं घ्यायची नाहीत.

अजून ठरलेलं नाही. बुधवारी गटाची बैठक आहे, ज्यांना मृत्युपत्राचा नमुना हवा आहे किंवा रेरासाठी पत्र कसं लिहायचं ते बघायचं आहे, त्यांनी ताब्याचं पत्र घेऊन या. चहा आमच्याकडे. दार लॅचचं आहे, बेल वाजवा, आई असतील तर उघडतील.

नमस्कार.